मदतीचं लेखाशीर्ष

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की आधी विचारतात, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका, हे आमच्या गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आम्ही भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती. याच्या वर कृष्णामाई येणार नाही, अशी आमची ठाम समजूत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती रेघ पाण्याखाली गेली आणि आम्ही चौघं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाऊन बसलो. त्या खेपेला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

दोन रात्री काढल्या. दिवे नाहीत, मोबाईल बंद, प्यायला पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी. तिसऱ्या दिवशी गल्लीतून रबरी बोट आली. ज्या गल्लीतून भाजीची गाडी कशीबशी वळते, तिथून इंजिनाचा आवाज करत बोट येताना बघणं फार विचित्र वाटतं. बोटीत तिघं जवान. त्यातला एक तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. प्रवाहानं बोट सरकू नये म्हणून त्यानं एका हातानं गॅलरीचा गज धरला आणि दुसरा हात सासूबाईंच्या पाठीमागं घातला. मी गज धरलेल्या त्या हाताकडं बघत होते. सतत पाण्यात राहून बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, दिवसभर धुण्याच्या सोड्यात हात बुडवल्यासारखी. अंगठ्याचं नख अर्धं उखडलेलं. सासूबाई तेव्हा ८४ वर्षांच्या. औषधांचा डबा आणि बँकेचं पासबुक पोटाशी धरून त्या बोटीत उतरल्या आणि त्याला म्हणाल्या, "बाळा, जेवलास का रं?" त्याला मराठी येत नव्हतं. "हाँ माँजी, आराम से बैठिए," एवढंच तो म्हणाला आणि त्यांच्या लाईफ जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावची बोट उलटून माणसं बुडाली, हे आम्हाला नंतर कळलं.

माझी सगळी नोकरी सरकारी हिशेबात गेली. देयकं तपासायची, लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या नावाखाली मांडायचा ते, बरोबर टाकलंय का बघायचं, महिनाअखेरीला ताळमेळ घ्यायचा. अशा कामात जन्म गेला की कुठलीही वस्तू दिसली की हिचा खर्च कुठल्या शीर्षावर पडला असेल, हे मनात येतंच. निवारा केंद्रात, शाळेच्या वर्गात बाकं जोडून सासूबाईंना निजवलं. बाहेर पाऊस चालूच होता. त्या बोटीचं पेट्रोल, त्या पोराचा भत्ता, वरून घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरचे तास, हे सगळं कुणाच्या नावावर पडणार, हा विचार तिथंही डोक्यात आला. उत्तर मला कामामुळं ठाऊक होतं. मुलकी प्रशासनाच्या मदतीला सैन्यदलं आली की त्या मदतीचा खर्च संबंधित राज्याकडून वसूल करायचा, असा जुना नियम आहे. संरक्षण खातं बिल पाठवतं आणि राज्य आपल्या आपत्ती प्रतिसाद निधीतून ते भागवू शकतं. त्या निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. म्हणजे केंद्राच्या एका खात्यानं दिलेले पैसे राज्याच्या तिजोरीतून फिरून केंद्राच्याच दुसऱ्या खात्यात जमा व्हायचे. कागदावर ही एक ओळ मी कैकदा वाचली होती. ज्या बोटीचं बिल होणार तिच्यात बसून आल्यावर मात्र ती ओळ पहिल्यांदा टोचली.

टोचण्याचं आणखी एक कारण आहे, ते सांगायला माहेरी जावं लागेल. माहेर पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला आठवतो तो अंधार, आईनं उचलून अंगणात नेलं ते, आणि गोठ्यातल्या म्हशीचं ओरडणं. कोयनानगर तर जमीनदोस्तच झालं होतं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या भूकंपात गेली. पुढचे कित्येक दिवस आम्ही घराबाहेर, डिसेंबरच्या थंडीत. तेव्हा वडलांना एक कांबळं मिळालं होतं. करडं, जाड, कडेला तांबडा पट्टा. अंगाला असं टोचायचं की झोप लागायची नाही, पण ऊब अशी की टोचणंही सोसावं. घरात त्याला कायम 'मिलिटरीचं कांबळं' म्हणायचे. माझी तीन भावंडं त्याच्यावर वाढली, गुऱ्हाळावर ते अंथरलं गेलं, शेवटी त्याचं पोतेरं झालं. पण वडील असेपर्यंत त्याचं नाव बदललं नाही. साताऱ्याकडच्या गावांत मिलिटरी हा शब्द तसाही घरचाच. तिथं आपशिंगे नावाच्या गावाला तर लोक सरळ 'मिलिटरी आपशिंगे'च म्हणतात. घरटी माणूस फौजेत असलेल्या मुलखात मदतीचं बिल येतं, हे वडलांना सांगितलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं नसतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तान आणि सीरियाला भूकंपाचा तडाखा बसला. भारतानं 'ऑपरेशन दोस्त' नावानं मदत पाठवली. एनडीआरएफची पथकं गेली, आणि लष्कराचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल हवाई दलाच्या सी-१७ विमानांतून गेलं. ९९ माणसांच्या त्या पथकानं इस्कंदरून शहरात ३० खाटांचा दवाखाना उभा केला, एक्स-रे, ऑपरेशनची सोय, सगळं घेऊन. एका तुर्की बाईनं भारतीय लष्करातल्या एका मुलीच्या गालाचा मुका घेतला, तो फोटो तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर होता.

आमराईत सकाळी आम्ही काहीजण फिरायला जातो. त्यातल्या एका काकांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण ताई, माझं दुकान १९ च्या पुरात बुडालं, २१ च्या पुरात परत बुडालं. तेव्हा पंचनाम्याला माणूस यायला पंधरा दिवस. आणि तुर्कस्तानला दवाखाना दोन दिवसांत?" सगळे गप्प झाले. मीही. त्यांच्या दुकानातला चिखल काढायला मी स्वतः गेले होते. भिजून फुगलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांचा वास मला अजून आठवतो. त्यांना उलट उत्तर देणं मला जमलं नसतं आणि द्यायचंही नव्हतं.

पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. दुकानाचा पंचनामा उशिरा झाला तो तुर्कस्तानमुळं नाही. तुर्कस्तानला दवाखाना गेला नसता तरी तलाठ्याकडं तेवढीच गावं आणि तेवढेच दिवस असते. दोन्हीचे पैसे एका डब्यातून येतच नाहीत. परदेशातल्या मदतीचं म्हणाल तर परराष्ट्र खात्याच्या अंदाजपत्रकात आपत्ती मदतीसाठी म्हणून एक शीर्ष असतं. तिथून औषधं, तंबू, धान्य जातं. पण जवानाचा पगार, विमानाची झीज, जहाजाचं तेल हे संरक्षणाच्या अंदाजपत्रकात. २०२५-२६ ला ते ६ लाख ८१ हजार कोटींचं होतं, त्यातले १ लाख ६० हजार कोटी नुसत्या पेन्शनचे. या डोंगरात तुर्कस्तानचा दवाखाना शोधायला गेलं तर हाती लागत नाही, कारण त्याची वेगळी ओळच नाही.

आणि ओळ मांडायला बसलं तरी प्रश्न पडतो, खर्च धरायचा कुठला? डॉक्टरांना पगार आग्र्याच्या आपल्या तळावर बसूनही मिळणारच होता. वैमानिकांना सरावासाठी वर्षाला ठरावीक तास उडावंच लागतं, ते तास दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावरून तुर्कस्तानला जाण्यात गेले. मग खरा जादा खर्च इंधनाचा, तिथं वापरलेल्या औषधांचा, बाहेरच्या भत्त्यांचा. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर जीप ऑफिसची, ड्रायव्हर ऑफिसचा, फक्त डिझेल या कामावर टाकायचं की जीपचा घसारा, म्हणजे तिची झीजसुद्धा टाकायची? हा वाद जगभर चालतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात परदेशातल्या आपत्तीसाठी वेगळं शीर्षच आहे, त्यातून असा खर्च भागतो. संयुक्त राष्ट्रांच्या छायेखाली १९९४ साली ओस्लोच्या नावानं जी मार्गदर्शक तत्त्वं ठरली, त्यांत दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. परदेशी लष्कराची मदत दुसरा काही इलाज नसेल तेव्हाच घ्यावी, आणि तिचा खर्च आपत्तीत सापडलेल्या देशावर पडू नये.

दुसरी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. तुर्कस्तानावर खर्च पडू नये, हे अगदी बरोबर. मग सांगलीवर का पडावा?

खर्च कुणी करायचा हे आधी ठरलेलं नसलं की काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २००० साली मोझांबिकमध्ये प्रचंड पूर आला. लोक झाडांवर, घरांच्या पत्र्यांवर अडकले. एक बाई झाडावरच बाळंत झाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं तिला आणि बाळाला वर ओढून घेतलं. त्याच दिवसांत तिकडं लंडनमध्ये, ब्रिटनची लष्करी हेलिकॉप्टर पाठवायची तर त्याचे किती पैसे लावायचे, यावरून संरक्षण खातं आणि परदेशी मदतीचं खातं यांच्यात ओढाताण चालली होती. पूर्ण खर्च की जादा खर्च, तोच वाद. दोन्हीकडं माझ्यासारखीच हिशेबाची माणसं बसलेली असणार. नियमानं चुकलेली नसणार. मी त्यांच्या जागी असते तर मीही फाईलवर शेरा मारला असता, 'खर्चाचं शीर्ष स्पष्ट करावं'. आणि शेरा बरोबरच असता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो शेरा पूर यायच्या आधीच्या वर्षी मारायचा असतो. मार्चमध्ये, अंदाजपत्रकाच्या वेळी. झाडावर बाई असताना नाही.

आपल्याकडं परदेशी जायला अशी घासाघीस होत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि मी ती अभिमानानंच सांगते. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी आठवा. आपलाच तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त, अंदमान-निकोबार उद्ध्वस्त, कार निकोबारच्या हवाई तळावर हवाई दलाचे जवान आणि त्यांची बायकापोरं मिळून शंभरावर माणसं गेलेली. तशातही नौदलाची जहाजं श्रीलंकेला गेली, मालदीवला गेली, 'निरूपक' नावाचं सर्वेक्षणाचं जहाज दवाखाना करून इंडोनेशियाला पाठवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत कतरिना वादळ झालं, तेव्हा आपल्या हवाई दलाचं इल्युशिन विमान २५ टन सामान घेऊन थेट आर्कान्सा राज्यात उतरलं. सामानात काय होतं? ताडपत्र्या, चादरी आणि कांबळी. हे वाचलं तेव्हा मला आमचं तांबड्या पट्ट्याचं कांबळं आठवलं. अमेरिकेतल्या कुठल्यातरी घरात एखादं भारतीय कांबळं असेल, आणि त्या घरात त्याला काय म्हणत असतील, असं उगीच मनात आलं.

गणवेश घालून मदतीला जाणं सोपं नसतं, तेही खरं. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरमध्ये भूकंप झाला. पलीकडच्या बाजूला हजारो माणसं ढिगाऱ्याखाली होती आणि हेलिकॉप्टर कमी. भारतानं हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्ताननं म्हटलं, हेलिकॉप्टर द्या, वैमानिक आमचे. भारताला ते मान्य होणं शक्य नव्हतं. हेलिकॉप्टर गेलीच नाहीत. तंबू, औषधं, कांबळी गेली. वैमानिकाच्या खांद्यावरच्या फितीमुळं एखादं गाव दोन दिवस जास्त ढिगाऱ्यात राहतं, हे मला फार दुःखाचं वाटतं. पण खांद्यावरची ती फीत तिथल्या लोकांना कशी दिसत असेल, तेही समजतं.

आता केरळ. वायनाडला ३० जुलै २०२४ च्या पहाटे दरड कोसळली, अख्ख्या वस्त्या गेल्या. लष्करानं तिथं रातोरात लोखंडी पूल बांधला, तो सगळ्या देशानं बघितला. त्याच वर्षाच्या अखेरीला केरळ सरकारच्या हाती बिल पडलं. २००६ पासून वायनाडपर्यंतच्या हवाई मदतीपोटी १३२ कोटी ६२ लाख रुपये. त्यात २०१८ च्या महापुरातल्या फेऱ्याही होत्या. राज्यानं हरकत घेतली, आणि तिथल्या हायकोर्टानंही विचारलं की इतकी जुनी बिलं आत्ताच का काढली.

मी या बिलाकडं हिशेबाच्या नजरेनं बघायचा खूप प्रयत्न केला. बिल नियमाला धरून आहे. थकबाकी आहे, मागणी केली, यात बेकायदा काही नाही. हिशेब ठेवायला तर माझा विरोध असूच शकत नाही, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? उलट मला वाटतं, हिशेब आणखी नीट ठेवावा. तुर्कस्तानला किती लागले, म्यानमारला २०२५ च्या 'ऑपरेशन ब्रह्मा'त किती लागले, सांगलीला किती, वायनाडला किती, हे सगळं दरवर्षी संसदेपुढं एका जागी मांडावं. कुठं कमी पडलो तेही त्यातून कळेल. आमराईतल्या काकांनाही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळेल, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण खर्च नोंदवणं वेगळं आणि वसुली वेगळी. आपत्तीतल्या लष्करी मदतीसाठी केंद्राच्याच अंदाजपत्रकात एक शीर्ष उघडावं, देशातली असो की परदेशातली. खर्च तिथं टाकावा, जादा खर्चच धरावा, आणि राज्याला बिल पाठवणं थांबवावं. तज्ज्ञ म्हणतील, मग राज्यं उठसूट हेलिकॉप्टर मागतील. मागू देत की. मागणी जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते, कारण लिहून होते, ते तपासता येतं. पण पाणी ५० फुटांवर असताना, मदत बोलवावी की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात पुढच्या बिलाचा विचार क्षणभरसुद्धा येऊ नये. मी अधिकाऱ्यांबरोबर काम केलंय. तो विचार येतो.

भाऊ माहेरीच असतो. त्याचा मुलगा, माझा भाचा, लष्करात इंजिनिअर्समध्ये आहे. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात भूकंप झाला तेव्हा भारताची विमानं त्याच दिवशी काठमांडूला उतरली. 'ऑपरेशन मैत्री'. मागाहून रस्ते मोकळे करायला, ढिगारे उपसायला लष्कराच्या इंजिनिअर तुकड्या गेल्या, त्यातल्या एकीत हा होता. तेव्हा आपल्या टीव्हीवाल्यांनी तिथं जो गाजावाजा केला त्यानं नेपाळी लोक दुखावले होते, परत जा म्हणाले होते. मला त्याची लाज वाटली होती. म्हणून दिवाळीला माहेरी गेले तेव्हा भाच्याला पहिलं तेच विचारलं, "तुम्हाला कुणी काय बोललं का रे?"

"न्हाई आत्या. कॅमेरा आमच्यासंगं नव्हता. आमच्यासंगं फावडी हुती."

मग तो एका म्हाताऱ्याबद्दल बोलायला लागला. डोंगरातलं गाव, घरं दगड-मातीची, बहुतेक पडलेली. तिथं एकजण यांना बघून ताठ उभा राहिला आणि कडक सॅल्यूट ठोकला. गोरखा रेजिमेंटमधून रिटायर झालेला, भारताची पेन्शन खाणारा. नेपाळात असे पेन्शनर लाखाच्या घरात आहेत. त्याचं घर पडलं होतं, पण चूल त्यानं उघड्यावर मांडली होती. यांच्या तुकडीला त्यानं काळा चहा पाजला, चार कप होते ते धुऊन-धुऊन सगळ्यांना.

"आत्या, तुझ्यासारखाच हुता तो," भाचा म्हणाला.

"म्हणजे?"

"वही ठेवली हुती. शाळेची, फाटकी. गावात काय-काय मदत आली, समदं लिवून ठेवायचा. तारीख, तांदूळ किती, ताडपत्री किती, कुणी दिली. म्हनला, सरपंचाला हिशेब द्यायला लागंल."

मी सरसावून बसले. म्हटलं, "मग तुमच्या तुकडीपुढं काय लिहिलं त्यानं? किती घरांचा ढिगारा उपसला, किती दिवस?"

"आकडा न्हाई लिवला. मला जवळ बोलावलं, म्हनला, गाव सांग. मी सांगितलं तर म्हनला, नीट सांग, लिहायचंय." भाचा हसला. "मग मी सांगितलं आणि त्यानं वहीत हळूहळू, एकेक अक्षर लावून लिहिलं. गावाचं नाव, तालुका पाटण, जिल्हा सातारा."